घरी हेडचं काम केलं, इंजिन मस्त चालू झालं, पण आता क्लच सुटत नाहीये (मारुती 800)

कळंबा_पानापेटी (रविवार रात्री)

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, कारण अर्धवट सांगितलं तर कुणालाच नीट सांगता येणार नाही. गाडी पप्पांची आहे, 2006 ची मारुती 800, चार गिअरवाली. हिच्यातूनच आम्ही सगळे जोतिबाला चैत्र यात्रेला जायचो, पाच माणसं आणि मागं खोबरं-गुलालाच्या पिशव्या, त्यामुळं विकायचा विषयच नाही घरात.

मे महिन्यात पाणी खायला लागली, सायलेन्सरमधनं पांढरा धूर, रेडिएटरचं झाकण उघडलं की बुडबुडे. हेड गॅस्केट गेलेलं. मी आणि माझ्या भाच्यानं घरीच हेड काढलं, उद्यमनगरात नेऊन फेस मारून (तळ मशीनवर सपाट करून) आणला, व्हॉल्व्ह घरी घासले, टायमिंग बेल्ट नवा टाकला. इथपर्यंत सगळं बरोबर झालं. पण बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कव्हरच्या, खालनं तेल टपकत होतं म्हणून म्हटलं आता एवढं उघडलंयच तर क्रँकचं मागचं ऑइल सील पण बदलून टाकू, म्हणून गिअरबॉक्स उतरवला. जुनी क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत आलेली त्यामुळं प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट नवा घातला. मग पाऊस सुरू झाला, गाडी दोन महिने ताडपत्रीखाली तशीच राहिली, आणि परवा चालू केली.

इंजिन अर्ध्या सेल्फला चालू झालं, आवाज एकदम गोड, धूर नाही. पण क्लच! इंजिन बंद असताना चारही गिअर अलगद पडतात. इंजिन चालू करून पेडल पार खाली दाबलं तरी पहिला जोर लावूनच जातो, रिव्हर्सला तर खर्रर्र करून सगळी गल्ली जागी होते. आणि गिअरात टाकून क्लच दाबून सेल्फ मारला की गाडी पुढं सरकते. पेडल हाताला, म्हणजे पायाला, नेहमीसारखंच लागतंय. काय बघू? परत गिअरबॉक्स उतरवायची माझी तयारी आहे पण त्याआधी जे जे बघता येईल ते बघायचंय.

घाटवाट (रविवार रात्री)

भावा हवा धरली असणार लाइनीत. ब्लीड कर, ब्रेक ऑइल भर, एकानं पेडल मारायचं एकानं निप्पल सोडायचं, दहा मिनटात काम होतंय. माझ्या पिकअपला सेम झालेलं गगनबावड्याच्या चढाला.

जुनी_पद्मिनी (रविवार रात्री)

घाटवाट, तुमच्या पिकअपला ऑइलवर चालणारा क्लच आहे, 800 ला साधी केबल आहे. त्यात ब्लीड करण्यासारखं काही नाही. 

कळंबा, पहिलं एक समजून घ्या. क्लचचे दोन आजार असतात आणि लोक दोन्हीला 'क्लच गेला' म्हणतात. एक म्हणजे क्लच धरत नाही, स्लिप होतो, पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्यात इंजिन ओरडतं आणि गाडी पुढं जात नाही, प्लेटला तेल लागलं किंवा घासली की हे होतं. दुसरा म्हणजे क्लच सुटत नाही, पेडल दाबलं तरी प्लेट फ्लायव्हीलबरोबर (क्रँकच्या टोकाचं जड चाक) थोडी फिरत राहते. तुमचा दुसरा आहे. रिव्हर्सला सिंक्रो (गिअरांचा वेग जुळवणारी कडी) नसतो, म्हणून तो पहिल्यांदा ओरडून सांगतो. पेडल दाबून तीन-चार सेकंद थांबून मग रिव्हर्स टाकून बघा. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्यात शाफ्ट थांबतो आणि गिअर गपचूप पडतो. तरी खर्र झाला तर प्लेट अजून फिरतीय.

म्हणून पहिली तपासणी केबलची. पेडलला वर दोनेक सेंटिमीटर मोकळी चाल आहे का, आणि केबल ज्याला ओढते त्या गिअरबॉक्सजवळच्या आर्मला हातानं हलवून दोन-चार मिमी ढिलं लागतंय का, हे बघून सांगा.

कळंबा_पानापेटी (सोमवार सकाळी)

काका, पाच सेकंद थांबलो तरी खर्र होतोच. पेडलची मोकळी चाल पट्टी लावून मोजली, 18 मिमी. आर्मला 3 मिमी. केबलचा नट अजून आवळून चाल पार शून्य करून पण बघितलं, उगाच थोडा फरक पडला, लगेच परत होतं तसं केलं, कारण बेअरिंग कायम टेकलेलं राहील म्हणून भीती वाटली.

जुनी_पद्मिनी (सोमवार सकाळी)

परत केलंत ते उत्तम केलंत. चाल शून्य ठेवून फिरवली असती तर नवीन बेअरिंग जळालं असतं आणि प्लेटही स्लिप व्हायला लागली असती.

स्कूटीवरून_चारचाकीत (सोमवार दुपारी)

मी या विषयात नवीन आहे, माझ्याकडं सेकंडहँड 800 आहे म्हणून हा धागा वाचतेय. एक विचारू का, केबल बरोबर आहे हे नुसत्या मोकळ्या चालीवरून कसं कळणार? म्हणजे पेडल दाबल्यावर तिकडं पूर्ण ओढ पोचतेय का हे वेगळं बघायला लागेल ना?

शिरोली_शिफ्ट (सोमवार दुपारी)

ताई एकदम बरोबर प्रश्न. जुन्या गाडीत पेडलचा पिन झिजलेला असतो, केबलचं बाहेरचं कव्हर दबलेलं असतं, कधी कधी पेडलमागचा पत्राच वाकतो, मग पाय पूर्ण खाली गेला तरी अर्धी ओढ मधल्या मधेच जिरते. म्हणून दोन्ही टोकाला मोजायचं. एकानं पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्यानं बॉनेटमधनं आर्मच्या टोकाला पट्टी धरून तो किती सरकला ते बघायचं. आणि हा आकडा बरोबर का चूक हे पुस्तकात शोधत बसू नका, गल्लीत अजून एखादी 800 असेलच, तिचा मोजा आणि दोन्ही जुळवा.

कळंबा_पानापेटी (सोमवार रात्री)

शिरोली भावा, लई भारी आयडिया दिली. शेजारच्या गुरुजींची 2003 ची 800 आहे, त्यांनी स्वतः पेडल दाबून दिलं. त्यांचा आर्म 27 मिमी सरकतो, आमचा 26. म्हणजे केबलची शंका गेली असं धरतो.

पंचगंगाकाठ (सोमवार रात्री)

मग गंज. दोन महिने कोल्हापूरच्या पावसात उभी होती म्हणताय. 2019 च्या पुरात आमच्या शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा माझी गाडी दोन दिवस अर्धी पाण्यात होती, नंतर इंजिनचं सगळं धुऊन तेल बदलून चालू केली तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली, जणू वेल्ड केल्यासारखी. तेव्हा एका मिस्त्रीनं हँडब्रेक ओढून, क्लच दाबून, चौथ्यात टाकून सेल्फ मारला होता, एक झटका बसला आणि सुटली. तुम्ही पण करून बघा.

जुनी_पद्मिनी (मंगळवार सकाळी)

हा उपाय मलाही माहीत आहे पण गल्लीत, समोर भिंत किंवा पोरं असताना अजिबात करू नका. आणि आधी ती चिकटलीय का हे तरी बघू, झटके नंतर. इंजिन बंद. मागच्या चाकांना दगड लावा. पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि खाली घोडी (स्टँड) द्या, नुसत्या जॅकवर काम करायचं नाही. गिअर चौथ्यात टाका. आता क्लच न दाबता चाक हातानं फिरवायला गेलात तर इंजिनचा जोर लागेल, फार हलणार नाही. मग कुणालातरी क्लच पूर्ण दाबून धरायला सांगा आणि चाक फिरवा. प्लेट चिकटली असेल तर आधीइतकंच अडेल. पूर्ण सुटत असेल तर हलकं फिरेल, फक्त गिअर ऑइलचा जडपणा. मधलं काही झालं तर तेही सांगा.

कळंबा_पानापेटी (मंगळवार रात्री)

मधलंच झालं काका. क्लच न दाबता चाक हलतच नव्हतं. दाबल्यावर फिरतंय, पण जड, दोन्ही हातांनी टायर धरून ओढायला लागतंय आणि कान लावला तर आतनं एकसारखी खस्स खस्स घासल्याचा आवाज येतोय. गुरुजींच्या गाडीला हेच करून बघितलं, तिचं चाक एका हातानं फिरतंय. म्हणजे चिकटलेली नाही पण सुटतही नाही.

घाटवाट (मंगळवार रात्री)

मग प्लेट उलटी बसलीय. शंभर टक्के. स्प्रिंगचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडं पाहिजे, तुमचा फ्लायव्हीलकडं गेला असणार, तो क्रँकच्या बोल्टवर टेकतो.

कळंबा_पानापेटी (मंगळवार रात्री)

दादा, बसवताना फोटो काढलाय, फुगीर बाजू माझ्याकडंच आहे, म्हणजे गिअरबॉक्सकडं. प्रेशर प्लेटचे बोल्ट पण समोरासमोर असे थोडे थोडे आवळलेत, एका बाजूनं पूर्ण नाही. प्लेट मधोमध येण्यासाठी जुन्या पाइपला टेप गुंडाळून सेंटर केलं होतं.

लेथवाला_उद्यमनगर (बुधवार सकाळी)

पहिल्यांदाच लिहितोय. चाळीस वर्षं लेथवर काढलीत, आता घरी असतो. सगळं वाचलं. पोरा, एकच प्रश्न विचारतो, खरं सांग. गिअरबॉक्स वर चढवताना शाफ्ट प्लेटच्या स्प्लाइनमधे (मधल्या भोकातल्या खाचांमधे) शिरल्यावर तो पूर्ण दाबून बसेपर्यंत कुणी धरला होता? की मधेच सोडला होता?

कळंबा_पानापेटी (बुधवार दुपारी)

काका, तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. हो. मी आणि भाचा दोघंच होतो. खाली दोन टायर एकावर एक ठेवून त्यावर गिअरबॉक्स ठेवला, जॅकनं वर घेतला, शाफ्ट आत गेला, पण डॉवेल पिनजवळ (जागा जुळवणारी खुंटी) बोटभर फट राहिली. बोल्ट सापडेना, भाचा शोधायला गेला, जॅक थोडा बसला आणि गिअरबॉक्स पाच-दहा मिनटं मागच्या बाजूनं तसाच खाली लोंबत होता. नंतर बोल्ट लावून तीच फट बोल्टनं ओढून बंद केली. तेव्हा वाटलं बसला एकदाचा.

लेथवाला_उद्यमनगर (बुधवार संध्याकाळी)

मग तिथंच झालंय. सांगितलंस ते बरं झालं.

बघ, क्लच प्लेट म्हणजे मधे जाड हब आणि बाहेर घासणारी चकती, आणि दोन्हीला जोडणारा पत्रा पातळ असतो. तो फिरवण्याच्या जोराला भक्कम आहे, वाकवण्याच्या जोराला नाही. गिअरबॉक्स लोंबला की त्याचं सगळं वजन शाफ्टवरनं हबवर येतं, पहारीनं दगड उचकटावा तसं. बाहेरची चकती तर प्रेशर प्लेटनं घट्ट दाबून धरलेली. मग वाकणार कोण? मधला पत्रा. वर तू फट बोल्टनं ओढलीस, तोही जोर त्याच्यावरच गेला असणार.

आता पेडल पूर्ण दाबल्यावर प्रेशर प्लेट मागं सरकते जेमतेम दीड-दोन मिमी. त्या जागेत प्लेटला दोन्ही बाजूला मोकळं व्हायचं असतं. प्लेटच तिरकी फिरत असेल तर ती जागा ती स्वतःच खाऊन टाकते, एका कडेला इकडं घासते, दुसऱ्या कडेला तिकडं. तू ऐकलेली खस्स खस्स तीच. केबल आवळल्यावर उगाच थोडा फरक का पडला तेही यातच आलं.

गिअरबॉक्स उतरव. प्लेट घेऊन उद्यमनगरात कुठल्याही चांगल्या टर्नरकडं जा, स्प्लाइनमधे घट्ट बसेल असा मँड्रेल (दांडा) करून लेथच्या दोन सेंटरमधे धरायला सांग आणि कडेला डायल (काट्याचं मापयंत्र) लावून हातानं फिरव. कड किती डुलली तर चालते, ही मर्यादा बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमधे 1 मिमीच्या आसपास नाहीतर त्याच्याही आत असते. ठोकून सरळ करू नकोस. ती परत वाकते.

स्कूटीवरून_चारचाकीत (बुधवार रात्री)

काका किती नीट समजावून सांगितलंत, मला सुद्धा चित्र डोळ्यासमोर आलं. कळंबा, उतरवताना फोटो टाका प्लीज.

शिरोली_शिफ्ट (बुधवार रात्री)

उतरवताना दोन-तीन गोष्टी. बेल हाउसिंगमधली धूळ हवेनं उडवू नको, जुन्या प्लेटांच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असायचा आणि तुझी जुनी प्लेट बरीच घासलेली होती, ओल्या फडक्यानं पूस. रिलीज बेअरिंग पेट्रोलमधे धुऊ नको, आतलं ग्रीस निघून जातं आणि महिन्यात कोकलायला लागतं. आणि यावेळी तीन माणसं घे.

कळंबा_पानापेटी (शनिवार रात्री)

आज उतरवला. भाचा, मी आणि गुरुजींचा मुलगा. प्लेट हातात घेऊन बघितली तर डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, एकदम नवीकोरी, मला वाटलं उगाच उतरवला. मग उन्हात धरून नीट बघितली तेव्हा दिसलं, फ्लायव्हीलकडच्या बाजूला एका कडेला अस्तर चकाकतंय, आणि गिअरबॉक्सकडच्या बाजूला बरोब्बर समोरच्या कडेला. बाकी सगळीकडं अस्तर मळकट, कोरं. जिथं घासली तिथंच चकाकी. हबच्या पत्र्याला एका रिव्हेटजवळ केसासारखी बारीक उठलेली रेघ आहे.

उद्यमनगरात एका टर्नरकडं गेलो. त्यांनी दुसरं काम बाजूला ठेवून दहा मिनटात मँड्रेल केला, डायल लावला. मी स्वतः हातानं हळूहळू फिरवली. काटा चढत चढत गेला आणि परत उतरला, एका फेरीत 1.9 मिमी. त्यांनी दुकानातली एक दुसरी प्लेट पण लावून दाखवली, तिला काटा 0.4 च्या आत. दोन्ही बघितल्यावर काही बोलायलाच उरलं नाही.

पैसे घेत नव्हते, मी जबरदस्तीनं दिले. आणि त्यांनीच सेंटरिंगसाठी एक पायरीचा शाफ्ट करून दिला, पुढचा बारीक भाग पायलट बेअरिंगमधे, मागचा जाड भाग स्प्लाइनमधे. टेप गुंडाळलेला पाइप आता फेकला.

लेथवाला_उद्यमनगर (शनिवार रात्री)

1.9 म्हणजे सुटणारच नाही. आता बसवायची रीत सांगतो, ही मनात ठेव.

बेल हाउसिंगच्या बोल्टासारखेच दोन लांब बोल्ट घे, त्यांची डोकी हॅक्सॉनं काप, कापलेल्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर बसेल अशी खाच पाड. हे दोन इंजिनच्या बाजूला समोरासमोरच्या भोकात हातानं फिरवून लाव. गिअरबॉक्स त्यांच्यावर सरकवायचा. मग तो लोंबत नाही, वजन त्या दोन दांड्यांवर राहतं आणि शाफ्ट सरळ आत जातो. चार बोल्ट लागले की दांड्या स्क्रू ड्रायव्हरनं काढून तिथं खरे बोल्ट लाव.

स्प्लाइनला ग्रीस म्हणजे नुसता हात फिरवल्याइतकं, जास्तीचं पुसून टाक, नाहीतर फिरताना उडून प्लेटवर जातं. आणि शेवटची फट हातानं ढकलून बंद झाली पाहिजे. हातानं होत नसेल तर थांब, क्रँक पाना लावून जरा फिरव, स्प्लाइन जुळतील. बोल्टनं ओढायचं नाही. कधीच नाही.

पंचगंगाकाठ (शनिवार रात्री)

मी गंज म्हणत होतो ते चुकलं. बरं झालं पद्मिनीकाकांनी आधी चाक फिरवून बघायला लावलं, नाहीतर माझं ऐकून गल्लीत सेल्फ मारला असता.

कळंबा_पानापेटी (पुढचा रविवार, संध्याकाळी)

बसला. नुसती प्लेट नवीन आणली, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तेच. प्लेट लावायच्या आधी ती पण टर्नरकडं नेऊन डायलवर बघून आणली, 0.3. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट थिनरनं पुसली, परत बोट लावलं नाही. दोन दांड्या लावल्या, तिघांनी मिळून गिअरबॉक्स सरकवला. बोटभर फटीवर परत अडला, तेच ठिकाण. भाच्यानं लगेच बोल्ट पुढं केला, मी नको म्हटलं. क्रँक पान्यानं थोडा फिरवला, टक असा बारीक आवाज झाला आणि गिअरबॉक्स नुसत्या तळहातानं आत गेला, फट मिटली. तो आवाज मी विसरणार नाही.

सगळं जोडून, गिअर ऑइल भरून, मोकळी चाल 20 मिमी ठेवली. चाक उचलून बघितलं, एका हातानं फिरलं. मग पप्पांना बोलावलं. गेले तीन महिने ते रोज संध्याकाळी येऊन ताडपत्री नीट करून जायचे, काही बोलायचे नाहीत. त्यांनी सेल्फ मारला, क्लच दाबला, थोडं थांबले आणि रिव्हर्स टाकला. आवाजच नाही. त्यांना कळलंच नाही पडला का नाही, म्हणून त्यांनी खाली गिअरच्या दांड्याकडं बघितलं.

रंकाळ्याला एक चक्कर मारून आणली, ते चालवत होते. सगळ्यांचे मनापासून आभार, लेथवाले काका, तुमचे विशेष.

स्कूटीवरून_चारचाकीत (रविवार रात्री)

वाचून डोळ्यात पाणी आलं. पप्पांना नमस्कार सांगा.

घाटवाट (रविवार रात्री)

नाद खुळा भावा. आता लगेच घाटाला नेऊ नकोस, नवीन प्लेट आहे, पहिले चारपाचशे किमी गावातच आरामात चालव, पाय क्लचवर ठेवून चालवू नको, आणि चढाला अर्ध्या क्लचवर धरून उभी करू नको, हँडब्रेक वापर.

जुनी_पद्मिनी (सोमवार सकाळी)

आणि त्या पाचशे किमीनंतर पेडलची मोकळी चाल परत मोजा. प्लेट बसली की चाल कमी होते. पंधरा मिमीच्या खाली आली असेल तर केबलचा नट जरा ढिला करा.

कळंबा_पानापेटी (सोमवार सकाळी)

होय काका. पट्टी डॅशबोर्डच्या कप्प्यातच ठेवलीय. त्या दोन कापलेल्या बोल्टांना पण तेल लावून पानापेटीत ठेवलंय, गल्लीत कुणाला लागले तर घेऊन जा म्हणून सांगितलंय. गुरुजींच्या गाडीचं ऑइल सील पण गळतंय, दिवाळीनंतर ते काढायचं ठरलंय.